दोन इंचांचा खेळ

माझं नाव गुरुबसप्पा. उदगीरच्या बाहेर, देवणी रोडला माझं ट्रॉलीचं दुकान हाय. दुकान म्हंजे पत्र्याचं शेड, दोन वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर अन् समोर लिंबाचं झाड. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, मोडलेल्या जोडतो. पस्तीस साल झाले. या पस्तीस सालांत माझा जोड उघडला म्हून एकही माणूस परत आलेला न्हाई, ही गोष्ट मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. बायको म्हणती, तुम्ही न विचारता सांगता. हाव, न विचारता सांगतो. चांगली गोष्ट सांगायला विचारायची वाट कशाला बघायची?

माझा राग वंगाळ हाय, हेही आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक म्हणालं, "अप्पा, जरा मजबूत मारा," की माझं डोकं फिरतं. मजबूत न्हाई तर मी काय डिंकानं चिकटवतो का? असं एकाला म्हणलो तर तो उठून समोरच्या दुकानात गेला. गेला तर गेला. आपल्याला काय कामाची कमी हाय का.

तर दोन सालांमागची गोष्ट. देवणीच्या पलीकडल्या एका खेड्यात उमाबाई म्हून हायत, आम्ही सगळे उमाक्का म्हणतो. तिचे मालक किनवटकडं शाळेवर मास्तर. महिन्यातून एकदा घरी येणार. रान, आठ देवणी गाई, घरची जीप, सगळं उमाक्का एकटी बघती. जीप स्वतः चालवती, अन् अशी चालवती की एसटीवाले बाजू देतात. तिच्याकडं एक जुना मिलिटरीचा ट्रेलर हाय. सिकंदराबादच्या लिलावातून कुणीतरी आणला, त्याच्याकडून आणखी कुणी घेतला, असा फिरत फिरत तो तिच्या गोठ्यासमोर येऊन थांबला. दोन चाकं, बुटका, पण लोखंड असं की बघत राहावं. उमाक्कानं त्याला बाजूच्या फळ्या वाढवल्या, माघं चढउताराला दार बसवलं. जनावरं न्यायला-आणायला झकास.

तो ट्रेलर घेऊन उमाक्का माझ्याकडं आली. तक्रार एवढीच, की समोरचा दांडा हालतो. दांडा म्हंजे ज्याच्या टोकाची कडी जीपच्या हुकात अडकते तो. तो एका जाड नळीत बसवलेला होता अन् नळीत माघंपुढं सरकत होता. दोन इंच. जीप थांबली की ठक, निघाली की ठक.

मी बघितलं अन् हसलो. आमच्या धंद्यात हालतंय म्हंजे बिघडलंय. ट्रॉलीचा दांडा हालला की पिन झिजलेली असते, न्हाईतर भोक मोठं झालेलं असतं, न्हाईतर आधीच्या माणसानं जोड कच्चा मारलेला असतो. मी म्हणलो, मिलिटरीवाल्यांनी वापरून वापरून ढिला करून टाकला, अन् मग लिलावात काढला. दांडा पूर्ण बाहेर ओढला, नळीच्या तोंडाशी गोल फिरवून जोड मारला, ग्राइंडरनं घासून गुळगुळीत केला, वरून हिरवा रंग लावला. खाली एक सळई लोंबत होती. ती कशासाठी हाय ते कळंना, म्हून तारेनं वर बांधून टाकली. दोन इंचांचा खेळ खतम.

उमाक्का खूश. ठक-ठक बंद झाली म्हून आठ दिवसांनी घरचं तूप घेऊन आली, लोटाभर. मी ते तूप बोटानं चाटत सगळ्या गल्लीला सांगितलं, की मिलिटरीला जमलं न्हाई ते गुरुबसप्पानं केलं.

उमाक्काकडं एक वळू हाय. देवणीच्या जनावरांत तीन रंग असतात, हा वानेरा. अंग पांढरं, तोंड काळं. माय कोवळेपणीच मेली म्हून उमाक्कानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. नाव तहसीलदार. नाव गावानं ठेवलं, कारण हा लहानपणापासून सगळ्यांना ताटकळत ठेवणारा. पाण्यावर न्यायचा असला तरी आधी उभा राहून चारी दिशा बघणार, मग हळूच पाय उचलणार. पण स्वभावानं गरीब. लेकरं त्याच्या पोटाखालून जातात.

त्याला लातूरच्या पशुप्रदर्शनात न्यायचं, रिंगणात उभा करायचा, ही उमाक्काची लई दिवसांची इच्छा. गेल्या साली निघाली. अर्ध्या वाटेत काय झालं ठाव न्हाई, वळू ट्रेलरमधे गुडघ्यावर पडला. उठला, परत पडला. नदीच्या उतारावर तर त्यानं असा हंबरडा फोडला की माघचा मोटारसायकलवाला थांबला. गुडघा सोलला, रक्त आलं, अन् उमाक्का तशीच परत फिरली. त्या दिवसापासून ट्रेलर नुसता दिसला की तहसीलदार खाली बसायचा. बसला की उठायचं नाव न्हाई. भाड्याची पिकअप आणून बघितली, तर तिची फळी मोडली अन् ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला. सगळ्या बाजारात हसं झालं. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. तहसीलदार साहेब दौऱ्यावर जाईनात म्हणलो, अन् आपल्याच बोलण्यावर दोन दिवस खूश होतो.

या साली प्रदर्शनाच्या आधीच्या सोमवारी उमाक्का ट्रेलर घेऊन परत आली. तोंड उतरलेलं. खाली रबरी चटई बसवा, दोन्ही बाजूंनी नळ्या लावून जागा आवळा, म्हंजे वळूला पडताच येणार न्हाई, असं तिचं म्हणणं. चहा पिता पिता तिनं सगळं सांगितलं. वळू भित्रा हाय असं गावात झालं होतं, अन् भित्र्याची पैदास भित्री म्हून लोक आपल्या गाई त्याच्याकडं आणेनात. मालकांचं म्हणणं, विकून टाक. शेवटी दोघांत ठरलं होतं, की या साली तो लातूरच्या रिंगणात उभा राहिला तर ठेवायचा, न्हाई तर देगलूरच्या बाजाराला काढायचा. चालवत न्यावं तर सत्तरएक किलोमीटर डांबर, खूर झिजून रिंगणात लंगडणार.

मग तिनं खाली बघत आणखी एक गोष्ट सांगितली. गेल्या साली उतारावर तो उठंना, म्हून तिनं त्याला काठीनं मारलं होतं. दोन वेळा, पाठीवर. बाटलीनं वाढवलेला जीव, त्याला आयुष्यात पहिल्यांदा मारलं. "त्यानं नुसतं वळून बघितलं, अप्पा," एवढंच म्हणाली अन् चहाचा कप ठेवून, ट्रेलर सोडून जीपनं गावाकडं गेली.

त्याच वेळी दुकानात ग्यानोबा हवालदार बसला होता. हा देगलूरचा. फौजेत वीस साल गाड्या दुरुस्त केल्या, आता रिटायर. घरच्या गेटाच्या बिजागऱ्या अन् पट्ट्या जोडून घ्यायला आला होता. फौजेतला माणूस म्हंजे खाली बसतच न्हाई, हिंडत असतो. हिंडता हिंडता तो ट्रेलरच्या समोर गेला, वाकला, दांड्यावर बोट फिरवलं अन् मला विचारलं, हा जोड कुणी मारला.

मी छाती काढून म्हणलो, मी.

तो हसायला लागला. असा हसला की हातातला चहा धोतरावर सांडला, तरी हसतच राहिला. मी हातातला हातोडा खाली ठेवला, कारण मला माझा राग ठाव हाय. म्हणलो, हवालदार, हसायचं कारण सांगा, न्हाईतर बिजागऱ्या घेऊन चालू लागा. तेव्हा त्यानं डोळे पुसले अन् सांगितलं. हा दांडा हालण्यासाठीच बनवलेला हाय. पुढची गाडी थांबायला लागली की माघचा ट्रेलर जोरात पुढं येतो, बरोबर? पुढं आला की दांडा दोन इंच आत जातो. आत गेला की खालची सळई ओढली जाते अन् ट्रेलरच्या चाकांना आपोआप ब्रेक लागतो. ड्रायव्हरला काही करावं लागत न्हाई. आत तेलाचा एक दट्ट्या असतो, तो दांड्याला हळू आत जाऊ देतो, म्हंजे हिसका बसत न्हाई. ठक-ठक वाजत होतं ते एवढ्याचसाठी, की दट्ट्यातलं तेल गेलं असणार. तेल घालायचं काम होतं, आणि तू दांडाच बांधून टाकलास.

"अप्पा, तू ट्रेलरचा ब्रेक वेल्डिंग केलास," तो म्हणाला. "अन् वरून रंग दिलास."

मी त्याला हाकलून दिलं. बिजागऱ्यांसकट. माघून त्याच्या गेटाची एक पट्टी राहिली होती, तीही रस्त्यावर नेऊन ठेवली.

जेवायला बसलो तर घास गोड लागंना. नीलम्मा, म्हंजे माझी बायको, कर्नाटकातल्या भालकीची. मला गप्प बघून तिनं विचारलं, अन् मी हवालदाराला चार शिव्या घालत सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, फौजेतले लोक फुशारकी मारतातच. ती भाकरी थापता थापता थांबली. तिनं एवढंच विचारलं, की वळू कधीपासून पडायला लागला, जोड मारायच्या आधी का नंतर? मी म्हणलो, नंतर. "साकु," ती म्हणाली. साकु म्हंजे कानडीत पुरे, अन् आमच्या घरात साकु म्हणलं की विषय संपला. थोड्या वेळानं परत म्हणाली, की नावात बसवण्णा घेऊन फिरता, गळ्यात लिंग हाय, अन् एका बसवण्णालाच, म्हंजे नंदीलाच, मार खायला लावला. आता मात्र मला भाकरी गिळवंना.

सकाळी कुणी यायच्या आधी दुकान उघडलं. ट्रेलरच्या खाली सतरंजी टाकून झोपलो. तारेनं बांधलेली सळई सोडली अन् हातानं माग काढत गेलो. सळई दांड्याच्या माघच्या लिव्हरपासून निघून थेट चाकांच्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत जात होती. मग नळीवरचा माझा हिरवा रंग पॉलिश पेपरानं घासला. रंगाखाली ग्रीस भरायचं निप्पल निघालं. आता तुम्हीच सांगा, जो दांडा हालायचाच न्हाई त्याला ग्रीस कशाला भरतील? पस्तीस साल धंदा केलेल्या माणसाला एवढं निप्पल दिसलं न्हाई. न्हाई, दिसलं असणार. पण मी रंग लावायच्या घाईत होतो, अन् हुशारी दाखवायच्याही. सतरंजीवर पडल्या पडल्या मला लाज वाटली, लई वाटली.

रस्त्यावर ठेवलेली पट्टी उचलली, मोटारसायकल काढली अन् देगलूर गाठलं. वाटेत ग्यानोबाला काय बोलायचं ते दहा वेळा ठरवलं. तो दारात उभा राहून तेलुगूत कुणा भाजीवालीशी घासाघीस करत होता. मी ठरवलेलं सगळं विसरलो अन् म्हणलो, गेटाची पट्टी आणलीय, बिजागऱ्या द्या, फुकट मारून देतो. तो म्हणाला, फुकट नको, पण त्या ट्रेलरचा जोड तू स्वतःच्या हातानं कापणार असशील तर येतो. मी कबूल केलं. भाजीवाली दोघांकडं बघत राहिली.

पस्तीस सालांत मी कितीतरी लोकांचे जोड कापले. आपला कधी कापला न्हाई. ग्राइंडर लावला अन् मला कळलं, की मी जोड खरंच चांगला मारतो, मेला सुटता सुटंना. ग्यानोबा बाजूला बसून आरामात बघत होता. म्हणाला, मजबूत मारलास रे. त्याच्यावर राग यायला पाहिजे होता, पण मला हसू आलं, अन् मग दोघंही हसलो. गॅसनं कापायचं न्हाई असं त्यानं बजावलं होतं, कारण आत जुनं ग्रीस अन् रबर. म्हून इंचा इंचानं कापत गेलो.

जोड सुटला तरी दांडा निघंना. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. रॉकेल ओतलं, रात्रभर भिजू दिलं, बुधवारी लाकडाचा ठोकळा लावून हळू हळू ठोकत बाहेर काढला. माझ्या जोडानं दांड्यावर चरे पडले होते, ते लेथवर नेऊन साफ करून आणले. दांडा ज्यांत सरकतो ते आतले दोन बूश झिजलेले, ते नवे पितळी बनवले. दट्ट्याचं सील फाटलेलं होतं. ते नांदेडच्या भंगार बाजारात मिळेल असं ग्यानोबाला वाटत होतं, अन् तो स्वतः जाऊन शोधून आला. धूळ-पाणी आत जाऊ नये म्हून समोर रबराची बाही असते, ती मी ट्रॅक्टरच्या ट्यूबची कापून बसवली. ब्रेकच्या पट्ट्या नव्या. ग्रीसगननं ग्रीस भरलं तर नळीच्या दुसऱ्या टोकातून काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ पिवळं बाहेर आलं. गुरुवारी संध्याकाळी दोघांनी मिळून दांडा आत ढकलला. तो हळूच दोन इंच आत गेला, खाली ड्रममधे पट्ट्या लागल्याचा आवाज आला, अन् सोडल्यावर परत हळूच बाहेर आला. ना ठक, ना हिसका. मी चार वेळा ढकलून बघितला. ग्यानोबा म्हणाला, पुरे, आता तो दमेल.

मग त्यानं विचारलं, उमाक्काला सांगणार का? मी म्हणलो, काम झालं ना, सांगायचं काय त्यात. त्यानं बिजागऱ्या घेतल्या अन् गेला.

शुक्रवारी उमाक्का जीप घेऊन आली. मी बसवलेली चटई बघितली, नळ्या बघितल्या. मी म्हणलो, ब्रेकचंही थोडं बघून दिलंय. थोडं! तिनं हात जोडले. म्हणाली, तुमचे हात लागले म्हंजे मला काळजी न्हाई, गाडीची काही चूक नव्हतीच, आमचं जनावरच खोडीचं निघालं. एवढं बोलून ती जीपकडं वळली.

मला तो वळू दिसला. उतारावर गुडघ्यावर पडलेला, अन् पाठीवर काठी बसल्यावर वळून बघणारा. मी त्याला तेव्हा बघितलाही नव्हता, तरी दिसला. त्याच्यावर दोन दिवस हसलेला मीही दिसलो. माझ्या तोंडून एकदम निघालं.

"अक्का, खोड त्याच्यात न्हाई. खोड माझ्या हातात होती. गाडीचा ब्रेक मी बंद करून टाकला होता."

मग सगळं सांगितलं. दांडा, दोन इंच, सळई, निप्पल, हवालदाराचं हसणं. तीही हसेल न्हाईतर शिव्या देईल असं वाटलं. ती जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या तोंडाकडं बघायची माझी हिंमत होईना, म्हून मी लिंबाच्या झाडाकडं बघत होतो. शेवटी तिनं विचारलं, म्हंजे त्याला उभंच राहता येत नव्हतं? मी म्हणलो, न्हाई, कुणालाच आलं नसतं. दर वेळी जीप थांबली की सगळा हिसका त्याच्या पायांत जात होता.

"मग उद्या सकाळी गावात या," ती म्हणाली. "अन् त्याच्यासमोर ट्रेलरमधे उभं राहा. काही धरायचं न्हाई. त्याला कुठं हात हायत."

गेलो. ग्यानोबालाही बोलावून घेतला, कारण एकट्याची फजिती कशाला. गोठ्यासमोर मैदान, अन् अर्धं गाव जमलेलं. तहसीलदार ट्रेलर बघून आधीच खाली बसला होता. मी साठीचा माणूस, पांढरी टोपी, ट्रेलरच्या मधोमध हात माघं बांधून उभा. लेकरं टाळ्या पिटत होती. उमाक्कानं जीप सुरू केली, मैदानाला फेरी मारली, अन् बरोबर वळूच्या समोर आल्यावर कचकन ब्रेक मारला. मी डोळे मिटले. पडलो न्हाई. पायाखाली नुसतं कुणीतरी हळूच ओढल्यासारखं झालं, बस्स. तिनं आणखी जोरात पळवली, परत ब्रेक. परत उभा. पाचव्या फेरीला मी तंबाखू मळायला लागलो. गाव हसत होतं, पण उमाक्का हसत नव्हती. तिचं सगळं लक्ष वळूकडं होतं.

सहाव्या फेरीनंतर जीप बंद झाली अन् तहसीलदार उठला. त्याच्या रिवाजाप्रमाणं त्यानं चारी दिशा बघितल्या. उमाक्कानं सगळ्यांना गप्प बसवलं. मी माघचं दार खाली सोडून सरकी-पेंडीचं घमेलं घेऊन आत बसलो. तो आला, चटईला नाक लावलं, माझ्या टोपीला लावलं, अन् पुढचा पाय आत टाकला. मग दुसरा. असं उभं राहून तो घमेलं संपेपर्यंत खात राहिला अन् मी कोपऱ्यात चेंगरून बसलो. कुणी हालंना. त्या दिवशी त्याला गावाच्या वेशीपर्यंत दोन चकरा झाल्या, हळू हळू.

रविवारी लातूरला निघालो. उमाक्का जीपवर, बाजूला मी, माघं ग्यानोबा. उमाक्का आरशात बघत होती, मी माघच्या काचेतून बघत होतो, अन् ग्यानोबा दोघांना समोर बघा म्हणत होता. नदीचा उतार आला. उमाक्कानं जीप हळू केली, तिचे हात घट्ट झालेले मला दिसले. माघून काहीच आवाज आला न्हाई. काहीच न्हाई. पूल ओलांडला तरी तिची नजर आरशातच. काचेतून वळूची नुसती शिंगं दिसत होती, अन् थोड्या वेळानं तीही दिसेनाशी झाली. मी म्हणलो, अक्का, दिसत न्हाई. ती म्हणाली, पडला काय. थांबायला जागा नव्हती, माघं ट्रकची रांग, अन् प्रदर्शनाचं मैदान अर्ध्या मैलावर आलेलं. तेवढी वाट ती कशी गेली तिचं तिला ठाव.

मैदानात ट्रेलर माघं घ्यायचा होता. ती माघं घ्यायला लागली तर चाकं जाम. पोरं ओरडायला लागली, ब्रेक धरला, ब्रेक धरला. इथं मात्र माझी अकल कामाला आली. माघं घेताना दांडा आत दबतो अन् ब्रेक लागतो, म्हून त्याला अडवायला एक खिटी असते, हे ग्यानोबानं मला शिकवलं होतं. मी खाली उडी मारली, वीतभर पुढं घ्यायला लावलं, खिटी पाडली, अन् हातानं इशारा केला. ट्रेलर सरळ माघं गेला. दोनशे माणसं बघत होती. परत निघताना खिटी उचलायची विसरू नको, असं ग्यानोबा कानात म्हणाला, न्हाईतर मी हवेतच होतो.

उमाक्का पळत माघं आली. दार तिनंच उघडलं.

तहसीलदार पडला नव्हता. तो आरामात बसला होता. पुढचे पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून रवंथ करत होता. भ्यालेलं जनावर रवंथ करत न्हाई, हे आमच्याकडं लेकराला बी ठाव असतं. त्यानं आमच्याकडं बघितलं अन् चावणं चालूच ठेवलं.

उमाक्का आत चढली. त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली अन् पाठीवर हात ठेवला, जिथं गेल्या साली काठी बसली होती तिथंच.

"तू सांगत होतास," ती म्हणाली. "माझ्या राजा, तू रोज सांगत होतास."

ती रडत होती अन् मला बघवंना. मी दाराशी गेलो अन् त्याच्या खुराला हात लावून कपाळाला लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, सांगायला काय लाजायचं. ग्यानोबा दुसरीकडं बघत नाक पुसत होता, धूळ लई हाय म्हणाला.

मग खरी पंचाईत झाली. सहा दातांच्या वयाच्या वळूंना रिंगणात बोलावलं अन् तहसीलदार ट्रेलरमधून उठंना. वरून कर्ण्यावर दोनदा पुकारा झाला. पेंड दाखवली, शेपटी मुरगाळतो म्हणणाऱ्या एका शहाण्याकडं उमाक्कानं असं बघितलं की तो गर्दीत गायब झाला. तिसऱ्या पुकाऱ्याला साहेब उठले, दारात उभं राहून चारी दिशा बघितल्या अन् मग उतरले. रिंगणात असा उभा राहिला की परीक्षकांनी पाय मोजले, छाती मोजली, तरी हालला न्हाई. दुसरा नंबर आला. उमाक्कानं रिबीन लावलेल्या वळूचा फोटो काढून किनवटला पाठवला, अन् मालकांचं उत्तर आलं, त्याला खाऊ घाल.

आता तहसीलदार रोज संध्याकाळी उभ्या ट्रेलरमधे जाऊन बसतो. खाली उतरवायला अर्धा तास लागतो. उमाक्का फोन करून मलाच शिव्या देती, अन् शिव्यांच्या माघून तूप पाठवती.

दुकानात मी अजूनही सगळ्यांना सांगतो. पस्तीस सालांत माझा एकच जोड उघडला, अन् तो मीच उघडला. काहीही हालताना दिसलं की आता मी आधी मशीन सुरू करत न्हाई, देगलूरला फोन लावतो.